वाचकांचे प्रश्न : आवडतोही आणि खुपतोही, असा पुढचा भाग

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. अद्भुतकथेचा पहिला सिनेमा जिवापाड आवडलेला, त्याच मालिकेतला पुढचा सिनेमा मात्र धड टाकवतही नाही आणि धड मनात भरतही नाही. कोथरूडच्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत.

प्रश्न : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग आम्हाला तोंडपाठ आहेत. ‘हॉबिट’चे तीन भाग थिएटरात पाहिले, पण पुन्हा लावावेसे वाटले नाहीत. घरी नवा मोठा टीव्ही आल्यावर आता परत पाहिले. गुहेतला कोड्यांचा प्रसंग आणि ड्रॅगनशी होणारं संभाषण पाहताना भान हरपलं. बाकीचा सिनेमा मात्र एखाद्या मालिकेसारखा दिसतो, आणि तिसरा भाग तर संपता संपत नाही. दोष नेमका कशाचा? या सिनेमांवर प्रेम करायचं तर ते कसं पाहावेत?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ‘मालिकेसारखा दिसतो’ ही तक्रार आधी घेऊ, कारण ती घरच्या घरी पाच मिनिटांत दूर होते.

दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी ‘हॉबिट’चं चित्रीकरण सेकंदाला ४८ फ्रेमनी केलं. एरवी सिनेमा २४ फ्रेमचा असतो. डिसेंबर २०१२ मध्ये पहिला भाग काही निवडक थिएटरांत ४८ फ्रेममध्ये दाखवला गेला आणि तेव्हा ‘हा सिनेमा वाटत नाही, व्हिडिओ वाटतो’ अशी ओरड झाली. पण तुमच्या टीव्हीवर जे दिसतं त्याचं कारण ते नाही. घरी मिळणारी डिस्क असो की स्ट्रीमिंग, ‘हॉबिट’ तिथे २४ फ्रेममध्येच येतो. जास्तीच्या फ्रेम तुमचा टीव्ही स्वतः बनवतो. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली हालचाल अंदाजाने काढून तो तिथे नवी फ्रेम घुसवतो. क्रिकेट पाहताना हे बरं वाटतं, सिनेमा मात्र त्याने पार बिघडतो.

खात्री करून घ्यायची असेल तर कथेचा नायक हॉबिट बिल्बो आणि जादूगार गँडाल्फ यांची दारातली पहिली भेट लावा. मागे झाडंझुडपं आहेत आणि पुढे हात हलतोय, अशा जागी हाताच्या कडेभोवती पाण्यासारखी थरथर दिसली की समजा, टीव्ही फ्रेम बनवतो आहे. ही सोय सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा जुन्या संचांत ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’ आणि सोनीमध्ये ‘मोशनफ्लो’ या नावाने पिक्चर सेटिंगमध्ये सापडते. ती बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो एकच निवडला तरी काम होतं. पूर्ण बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र धक्के खातंय असं वाटलं, तर ‘डी-जडर’ एक किंवा दोनवर ठेवा आणि ‘डी-ब्लर’ शून्यावर.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. बऱ्याच टीव्हींमध्ये हे सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळं साठवलं जातं, आणि साध्या चित्रासाठी एक, एचडीआरसाठी (जास्त उजेड-अंधार दाखवणाऱ्या चित्रासाठी) दुसरं, त्याच्याच डॉल्बी व्हिजन या प्रकारासाठी तिसरं असं असतं. म्हणजे मेनूत एकदा बंद केलं आणि नंतर ॲपमधून एचडीआर आवृत्ती लावली की थरथर परत हजर. म्हणून सिनेमा सुरू करून, तो चालू असतानाच सेटिंग बदला. वेगळी स्ट्रीमिंग पेटी जोडली असेल तर तिच्यातला ‘मॅच फ्रेम रेट’ हा पर्यायही चालू करा. नाहीतर ती २४ फ्रेमचा सिनेमा ६०च्या गतीत पाठवते, काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दिसतात, आणि चाल अडखळते.

एवढं करूनही ‘हॉबिट’ जुन्या त्रयीपेक्षा, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’पेक्षा, थोडा करकरीत दिसेलच. ते मुळातच आहे. नेहमीच्या २४ फ्रेमच्या चित्रीकरणात प्रत्येक फ्रेमला साधारण १/४८ सेकंद प्रकाश मिळतो. इथे ४८ फ्रेम घेताना तो १/६४ सेकंद ठेवला होता, आणि २४ फ्रेमची प्रत बनवताना एकाआड एक फ्रेम गाळली. त्यामुळे हालचालीतला सवयीचा पुसटपणा कमी झाला. जुनी त्रयी ३५ मिमी फिल्मवर आहे, ही डिजिटल रेड एपिक कॅमेऱ्यांवर. त्या कॅमेऱ्यात त्वचेतला लाल रंग कमी उतरायचा, म्हणून रंगभूषा आणि नेपथ्य जास्त भडक रंगवून नंतर संगणकावर ते खाली आणलं गेलं. काही चेहरे मेणाचे वाटतात त्यामागे हेही आहे. २०२० मध्ये आलेल्या फोर-के आवृत्तीत सहाही सिनेमांचे रंग एकमेकांशी जुळवून घेतले आहेत. सलग पाहायचं असेल तर तीच घ्या. जुन्या त्रयीच्या पहिल्या भागाच्या लांब आवृत्तीची २०११ ची ब्लू-रे मात्र टाळा, तिच्यावर हिरवट झाक आहे.

‘खोटं वाटतं’ या भावनेला आणखी एक ठोस कारण आहे. जुन्या सिनेमात हॉबिट बुटका दिसावा म्हणून नट कॅमेऱ्यापासून कमी-जास्त अंतरावर बसवले जायचे आणि सामानही दोन मापांचं बनवलं जायचं. एका डोळ्याच्या कॅमेऱ्याला हे फसवतं. थ्रीडीला दोन डोळे असतात, त्यामुळे अंतर लगेच उघडं पडतं. म्हणून ‘हॉबिट’मध्ये बुटक्यांचा (ड्वार्फ जमातीचा) सेट एकीकडे, आणि गँडाल्फचं काम करणारे इयन मॅकेलन दुसरीकडे हिरव्या पडद्यांत एकटे, असं एकाच वेळी चित्रण झालं. दोन्हीकडचे कॅमेरे एकमेकांशी जोडलेले होते, माणसं नव्हती. बॅग एंड या बिल्बोच्या घरातल्या जेवणाच्या प्रसंगात नजरा कुठे चुकतात ते पाहा. जुन्या त्रयीतली किल्ल्यांची भलीमोठी लघुरूपं तर इथे जवळपास वापरलीच नाहीत. हाताने घडवलेल्या वस्तूवर प्रकाश खराखुरा पडतो आणि ते डोळ्याला कळतं. पुण्यात प्रभातने १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये दाखवलेलं वैकुंठाचं विमान आज तंत्र म्हणून साधं आहे, तरी ते पडद्यावर वजनदार वाटतं, ते याचमुळे.

आता ‘संपता संपत नाही’. हा दोष टीव्हीचा नाही आणि तुमचाही नाही.

टोलकीन यांची मूळ ‘हॉबिट’ ही १९३७ ची, १९ प्रकरणांची, सुमारे ९५ हजार शब्दांची मुलांसाठीची कादंबरी. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तिच्या साडेचार-पाच पट मोठी. थिएटरात मोठ्या कादंबरीचे तीन सिनेमे ५५८ मिनिटांचे झाले आणि छोटीचे तीन (१६९, १६१ आणि १४४) मिळून ४७४ मिनिटांचे. सिनेमे दोनच ठरले होते. मुख्य चित्रीकरण संपलं आणि मग ३० जुलै २०१२ ला तीन करण्याचा निर्णय जाहीर झाला. पहिला भाग तेव्हा साडेचार महिन्यांवर होता.

याचा फटका कुठे बसला ते कथेत बोट ठेवून दाखवता येतं. दोन सिनेमांच्या आखणीत पहिला भाग पिंपांतून सुटकेच्या आसपास संपणार होता. तो आता गरुडांपाशी, म्हणजे सहाव्या प्रकरणाशी थांबला. तिथे शेवट म्हणावा असा काही हवा, म्हणून अझॉग या राक्षसी शत्रूशी झुंज आली. कादंबरीत अझॉग फार पूर्वीच मेलेला आहे. पुस्तकात झाडांवर अडकलेल्या मंडळींना गरुड उचलतात, कोणी तलवार घेऊन धावत नाही. सिनेमात बुटक्यांचा म्होरक्या थोरिन धावतो आणि त्याला वाचवायला बिल्बोही धावतो.

आमच्या मते सगळ्यात मोठं नुकसान या एका धावण्याने झालं. पुस्तकात बिल्बोचं धैर्य आठव्या प्रकरणात उगवतं. मर्कवुडच्या अंधाऱ्या अरण्यात, कोणी पाहत नसताना, तो एकटाच महाकाय कोळीकिडा मारतो आणि आपल्या छोट्या तलवारीला नाव देतो. सिनेमात तो पहिल्याच भागाच्या शेवटी सगळ्यांदेखत शूर ठरतो, थोरिन त्याला मिठी मारतो, आणि पुढच्या दोन सिनेमांत त्याला बदलायला जागाच उरत नाही. मग ज्याच्या नावाचा सिनेमा तो बाजूला पडतो आणि मोकळी जागा लेगोलस (मूळ पुस्तकात नाही), टॉरिएल (संपूर्ण नवी) आणि आल्फ्रिड (तोही नवा) भरतात. ड्रॅगनचा मृत्यू दुसऱ्या भागाचा कळस व्हायला हवा होता. तो तिसऱ्याच्या पहिल्या काही मिनिटांत उरकतो. ज्या लढाईच्या ऐन मध्यात पुस्तकातला बिल्बो डोक्यात दगड लागून बेशुद्ध पडतो, ती तिसऱ्या भागात पाऊण तास चालते.

तयारीचा वेळही मिळाला नव्हता. जुन्या त्रयीची तयारी १९९७ पासून चालू होती आणि कॅमेरा १९९९ च्या ऑक्टोबरात फिरला. ‘हॉबिट’ आधी गिलेर्मो देल तोरो करणार होते. ते मे २०१० मध्ये बाहेर पडले, ऑक्टोबरात जॅक्सन यांचं नाव पक्कं झालं आणि मार्च २०११ मध्ये चित्रीकरण सुरू. तिसऱ्या भागाच्या डिस्कवरच्या पूरक चित्रफितींत जॅक्सन आणि त्यांचे सहकारी हे मोकळेपणाने सांगतात. लढाई कशी घ्यायची हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून तिचं काम थांबवून पुढच्या वर्षावर ढकललं. त्या चित्रफिती जरूर पाहा. राग निवळतो आणि त्या माणसांबद्दल आदर वाढतो.

संगीताकडेही कान द्या. पहिल्या भागात बुटके शेकोटीपाशी धीरगंभीर गाणं म्हणतात. त्या गाण्याची धून पुढे प्रवासभर मोठी होत जाते, अंगावर काटा आणते, आणि दुसऱ्या भागापासून नाहीशी होते. थोरिन अझॉगवर चालून जातो तेव्हा तर जुन्या त्रयीतल्या काळ्या घोडेस्वारांची धून वाजते. पडद्यावर तिचं काहीच कारण नाही. ‘काहीतरी तुटतंय’ असं जे जाणवतं त्यात हा वाटा मोठा आहे, आणि तो सहसा कोणी मोजत नाही.

मग पाहायचं कसं? तीन संध्याकाळी ठेवा. पहिला भाग थिएटरची १६९ मिनिटांची आवृत्ती. लांब आवृत्तीत वाढलेली १३ मिनिटं त्याला जडच करतात. एरेबोर या बुटक्यांच्या राज्याच्या पाडावाची सुरुवात सोडू नका, थोरिनचं दुःख तिथेच कळतं. जादूगार रॅडागास्टचा जंगलातला भाग आणि रिव्हेंडेलमधली ज्येष्ठांची बैठक पुढे सरकवा. कोड्यांचा प्रसंग मात्र अखंड, फोन बाजूला ठेवून. या सिनेमांतलं सगळ्यात आधी चित्रित झालेलं मोठं काम तेच. मार्टिन फ्रीमन (बिल्बो) आणि अँडी सर्किस (गुहेतला गॉलम) समोरासमोर उभे राहून तो खेळले आहेत. तो इतका जिवंत का वाटतो, याचं उत्तर त्यात आहे.

दुसरा भाग लांब आवृत्तीतच पाहा, १८६ मिनिटांची. वाढलेल्या २५ मिनिटांत अस्वलाचं रूप घेणाऱ्या बेऑर्नकडे बुटके जोडीजोडीने येतात तो पुस्तकातला गमतीदार प्रसंग आहे, आणि मर्कवुडमधली मंतरलेली नदीसुद्धा, जिच्यात पडून बोंबूर हा बुटका झोपी जातो. तरुण बुटका कीली आणि टॉरिएलचे प्रसंग गाळले तरी कथा अडत नाही. बिल्बो आणि ड्रॅगन स्मॉग यांचं बोलणं झालं की, भट्ट्या पेटवण्याचा आणि सोन्याच्या पुतळ्याचा भाग सोडून द्या, तो पुस्तकात नाही. तिसऱ्याचीही लांब आवृत्ती घ्या, १६४ मिनिटं. तिच्यात हिंसा जास्त आहे, पण थोरिनचा अंत्यविधी फक्त तिच्यातच आहे, आणि त्यावाचून या कथेचा शोक अपुरा राहतो. आर्केनस्टोन हे थोरिनचं रत्न बिल्बो देऊन टाकतो तो प्रसंग आणि थोरिन-बिल्बोचा निरोप, या दोघांच्या मधली लढाई वेगाने पुढे नेली तरी हरकत नाही.

प्रश्न : ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’ थ्रीडीत पाहिला. पाण्यातली दृश्यं विलक्षण, पण एरवी पडदा अंधुक. शिवाय हालचाल मधेच फार गुळगुळीत व्हायची, लगेच नेहमीसारखी. प्रोजेक्टर खराब होता का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : गुळगुळीतपणा मुद्दाम आहे. त्या सिनेमाची ही प्रत सगळी ४८ फ्रेममध्येच चालते. पाण्यातल्या आणि वेगवान दृश्यांत ४८ फ्रेम खऱ्या असतात, शांत प्रसंगांत २४ च प्रत्येकी दोनदा दाखवल्या जातात. ज्यांच्या डोळ्यांना ही अदलाबदल टोचते त्यांनी तिकीट काढताना ‘एचएफआर’ (हाय फ्रेम रेट) असं लिहिलेला खेळ टाळावा.

अंधुकपणाचं गणित असं. साध्या सिनेमासाठी पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (हे उजेड मोजण्याचं एकक) ही प्रमाण पातळी आहे. थ्रीडीत प्रोजेक्टरपुढची गाळणी आणि तुमचा चष्मा मिळून त्यातला बराचसा खातात, आणि हाती साधारण साडेतीन ते साडेचार उरतो. दिवा जुना झाला असेल तर त्याहूनही कमी. म्हणून थ्रीडीसाठी लेझर प्रोजेक्टर असलेला पडदा निवडा. ध्रुवीकरणाच्या चष्म्याबरोबर रुपेरी पडदा लागतो, आणि तो बाजूच्या खुर्च्यांना कमी उजेड देतो. तेव्हा रांगेच्या मधली जागा घ्या, उंचीने मागचा एक तृतीयांश भाग. चित्राच्या दोन प्रती दिसल्या तर आधी मान सरळ करा. काही चष्म्यांत डोकं थोडं कललं तरी एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपतं. काचेवर बोटांचे ठसे असतील तर आत शिरण्यापूर्वीच बदलून मागा. नंबरचा चष्मा लावणाऱ्यांनी थ्रीडी चष्मा त्यावर पूर्ण बसतो ना हे बाहेर उजेडात पाहून घ्यावं, कारण खालच्या फटीतून आलेला उजेडही चित्र फिकट करतो.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला आधी ‘हॉबिट’ दाखवायचा की ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’? मराठीत पुस्तकं आहेत का?
— एक पालक, सहकारनगर

उत्तर : आधी पुस्तक, आणि तेही ‘हॉबिट’. मीना किणीकर यांचं मराठी भाषांतर आहे. मोठ्या कादंबरीचं मुग्धा कर्णिक यांनी केलेलं भाषांतर ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मिळतं. दोन्ही पुण्याच्याच डायमंड पब्लिकेशन्सची. अप्पा बळवंत चौकात एकाच दुकानात दोन्ही मिळाली नाहीत, तर मागवून ठेवायला सांगा. रोज एक प्रकरण मोठ्याने वाचलं तर १९ दिवसांत ‘हॉबिट’ होतं. पाचवं प्रकरण वाचताना कोडी आधी मुलीला सोडवू द्या, उत्तर लगेच वाचू नका.

सिनेमे ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्याच क्रमाने दाखवा, २००१ चा पहिला आधी. ‘हॉबिट’पासून सुरुवात केली तर अंगठी म्हणजे काय हे रहस्य उरत नाही, आणि गॉलमही आधीच ओळखीचा होऊन बसतो. नऊ वर्षांच्या मुलीला २००३ च्या भागातला महाकाय मादी कोळीकिडा जड जाईल. तो प्रसंग दिवसा दाखवा, किंवा एखादं वर्ष थांबा. ‘हॉबिट’च्या तिसऱ्या भागाची लांब आवृत्ती मात्र तिला इतक्यात नको.

प्रश्न : ‘बाहुबली’चा दुसरा भाग हिंदीत पाहताना ओठ आणि शब्द जुळत नाहीत, त्याने रस जातो. उपाय?
— एक वाचक, निगडी

उत्तर : दोन्ही भाग तेलुगू आणि तमिळमध्ये चित्रित झाले, हिंदी हे डबिंग आहे. प्रभासला दिलेला शरद केळकर यांचा हिंदी आवाज उत्तम आहे, आणि एकदा तो ऐकावाच. पण अभिनय बारकाईने पाहायचा असेल तर तेलुगू आवाज ठेवून सबटायटल लावा, विशेषतः दरबारातल्या प्रसंगांना. तेलुगूतही आवाज मागेपुढे वाटला तर दोष बहुधा साउंडबारचा. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमधला ‘एव्ही सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ थोडा थोडा बदलून पाहा.

प्रश्न : गॉलमवर नवा सिनेमा येतोय म्हणे. पुन्हा तेच ताणणं होणार का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : भीती साधार आहे. निर्मात्यांकडे ‘हॉबिट’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांचे, परिशिष्टांसह, हक्क आहेत. टोलकीन यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या संग्रहांचे नाहीत. गँडाल्फ आणि ॲरागॉर्न यांनी गॉलमचा घेतलेला शोध मूळ कादंबरीत मोजक्या पानांत, तोही संवादातून सांगितला आहे. बाकीचं पटकथाकारांना रचावं लागणार. आशेची जागा एकच, पण मोठी. दिग्दर्शन अँडी सर्किस यांचं आहे, आणि या पात्राला त्यांच्याइतकं आतून ओळखणारं कोणी नाही. ‘हॉबिट’च्या वेळी दुसऱ्या युनिटचं दिग्दर्शनही त्यांनीच केलं होतं. १७ डिसेंबर २०२७ ही तारीख जाहीर झाली आहे. त्याआधी मोठ्या कादंबरीच्या पहिल्याच खंडात असलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या ‘पुस्तका’चं प्रत्येकी दुसरं प्रकरण आणि शेवटच्या परिशिष्टांतली सनावळी एवढं वाचून जा. मूळ कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते थिएटरात बसल्या बसल्या कळेल.